पंगतपूरची हुग्गी

खोकं उघडल्यावर सुकन्याला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची खोकी आपल्याकडं येऊन पडलीत. साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांना जाताना द्यायला स्टीलचे डबे यायचे होते, झाकणावर शिवांगी आणि अमरेशचं नाव घातलेले. आत निघाली पुस्तकं. पिवळंधमक मुखपृष्ठ, त्यावर लांबच लांब पंगत, पंगतीतल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या वाढत जाऊन जमिनीत रुजलेल्या आणि एका दाढीवर कावळा बसलेला. वर मोठ्या अक्षरांत 'पंगतपूर' आणि खाली लेखिकेचं नाव, शिवगंगा, सुकन्याच्या सासऱ्यांची हदगावला दिलेली बहीण.

"अगं बाई गं," म्हणून तिनं खोकं झाकलं आणि झाकणावर चक्क बसून घेतलं.

"काकू, वर नका बसू ना, कोपरे दुमडून जातात," अलीझा म्हणाली. ही शिवांगीची नांदेडच्या कॉलेजातली मैत्रीण. पहाटेच नांदेडहून निघून टेम्पोत बसून खोक्यांबरोबर आली होती. चाळीस वर्षांपूर्वी हे पुस्तक पहिल्यांदा छापलं ते तिच्या आजोबांनी, गुलाम रसूल यांनी, आपल्या छापखान्यात. दाढ्यांचं ते चित्रही त्यांनीच कुणाकडून तरी काढून घेतलं होतं.

"डबे कुठंयत?" सुकन्यानं विचारलं.

"डबे सांगितलेच न्हाईत, आई." शिवांगी दारात उभी होती. अर्धी वेणी घातलेली, अर्धी मोकळी, अंगावर जरीची साडी.

"कुणाला विचारून हे धंदे केले?"

"घरातल्या मोठ्या माणसाला विचारून."

"मोठं माणूस म्हंजे कोण? तुझ्या आजोबांनी काय सांगितलंय, ऐकलंस न्हवं तू? 'हदगावची येती तर येऊ द्या, पण ते पुस्तक माझ्या नजरेला पडलं की मी उठलो.' असं म्हणालेत ते. आणि ते उठले की मंडप उठला म्हणून समज."

"आणि मी काय म्हणाले हुते? आत्याआजी न्हाई आली तर मी पाटावर बसणार न्हाई. झालं ना दोघांच्या मनासारखं? ती यायलीय, आणि पुस्तक अजून खोक्यात हाय."

सुकन्याचं डोकं भणभणून गेलं. एकीकडं सासरे, एकीकडं पोटची पोर, आणि मध्ये आपण, हातात कोठीच्या किल्ल्या घेऊन. पहाटे चहाचा एक घोट घेतला तेवढाच. कार्यालयाबाहेर, लातूरच्या औसा रोडवर, टँकरवाला भोंगा वाजवत होता, आचारी गूळ मागत होता, आणि गव्हाची गुळातली खीर, म्हणजे हुग्गी, ढवळणारी माणसं 'तूप आणा, तूप आणा' करून ओरडत होती. बिराजदारांच्या घरात सून होऊन आल्यापासून तिला 'तू जेवलीस का' असं कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. चुकून कुणी विचारलंच तर उत्तर मात्र तिच्या ओठांवर तयार असायचं: होईल माझं.

या पुस्तकाचा तिला तसा राग नव्हता. तिनं ते धड वाचलंही नव्हतं, ओझरतं ऐकलं होतं. पंगतपूर नावाचं एक गाव असतं. तिथं पंगत बसते, हुग्गी वाढली जाते, पण पहिला घास सगळ्यांत थोरल्यानं घ्यायचा असा रिवाज. मग जो तो 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत बसतो. हुग्गीवर साय धरते, तूप इतकं घट्ट होतं की पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. पानावर गवत उगवतं. पंगतीत पोरं जन्मतात, तिथंच त्यांची लग्नं लागतात. मुंग्या सभा भरवून एका दमात हुग्गीचा निकाल लावतात. आणि सरकारी कावळा दरसाल येऊन लिहून जातो की गाव पोटभर जेवलं. पोरं हसून हसून लोळायची. मोठी माणसं वाचायला बसली की मात्र अस्वस्थ व्हायची, कारण प्रत्येकाला त्यात आपल्या ओळखीचं कुणीतरी दिसायचं. लातूरच्या एका साहेबाला म्हणे तो कावळा आपणच असं वाटलं होतं आणि तो चार दिवस कुणाशी बोलला नव्हता.

रामलिंगअप्पांना, म्हणजे सुकन्याच्या सासऱ्यांना, त्यात आपले वडील दिसले. कारण पंगत अडायची गोष्ट या घरात खरोखर घडली होती, आणि तीही शिवगंगेच्याच लग्नात. तिचे वडील आणि तिचे सासरे, दोघं मानी. पहिला घास कुणी घ्यायचा यावरून दुपार कलली, ऊन उतरलं, आणि शेवटी वऱ्हाड नवरीला घेऊन उपाशीपोटी हदगावला निघून गेलं. कढईतली हुग्गी जनावरांपुढं ओतली. सासऱ्यानं कैक वर्षं सुनेला पंचमीला माहेरी धाडलं नाही. पुढं सासरा गेला, शिवगंगा शाळेत शिकवायला लागली, पोरांना सांगता सांगता तिनं ही गोष्ट लिहिली, पुस्तक निघालं. आणि मग माहेरानंच बोलावणं बंद केलं. निलंग्याच्या घरात हदगावचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज सुकन्यानं उंबरा ओलांडल्या दिवशीच शिकून घेतला होता.

"हे बघ," ती शिवांगीला म्हणाली, "खोकी हितंच राहू द्यायची. कुलूप लावते. साखरपुडा पार पडू दे, अंगठ्या होऊ दे, मग काय वाटायचं ते वाटा."

"आणि पाहुण्यांना काय देणार?"

"नारळ देईन! नारळ घेऊन कुणी कधी मेलं न्हाई."

एवढ्यात बाहेरून "आले, आले, देगलूरकर आले" असा गलका झाला. सुकन्या पदर खोचत पळाली आणि कुलूप लावायचं राहून गेलं.

*

नवरदेवाकडची माणसं दोन गाड्यांतून उतरली. अमरेश साधा पोरगा, हसतमुख. त्याचे आजोबा मलप्पातात्या हणेगावे मात्र काठी टेकत असे उतरले की दोन्ही गाड्यांतली माणसं त्यांच्या चालीनं चालायला लागली. अप्पा दारात उभेच होते, पांढराशुभ्र फेटा बांधून. दोघांनी एकमेकांना हात जोडले. दोघांनी एकमेकांना "चला, तुम्ही पुढं" म्हटलं. आणि दोघंही दारातच उभे राहिले.

शेषेरावनं, सुकन्याच्या नवऱ्यानं, दाराचा दुसरा पल्ला उघडला. मग दोघं बरोबरीनं आत आले.

शिवगंगा आली ती एसटीनं. हदगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, हातात एक कापडी पिशवी. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, म्हणजे तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं पाहिलं, आणि शेषेरावला म्हणाले, "बाहेरच्यांना पाणी द्या."

"बाहेरचीच हाय मी," शिवगंगा हसून सुकन्याला म्हणाली. "पाणी दे बाई. लई तहान लागली."

सुकन्यानं पाणी दिलं, पाया पडली, आणि म्हातारीचा हात धरून तिला बायकांच्या घोळक्यात नेऊन बसवलं. आतून तिला ही बाई आवडून गेली होती, आणि ती आल्याचा रागही येत होता. आजच्या दिवशी असलं काही वाटायला तिला सवड नव्हती.

कुंकू झालं, साडी-नारळ झाला. अंगठ्यांची चांगली वेळ दुपारनंतरची होती, म्हणून आधी पंगत असं ठरलं. सुकन्या तुपाचं भांडं घ्यायला कोठीत गेली तर तिथं सासूबाई, पार्वतीबाई, गुळाच्या ढेपेशेजारी खुर्ची टाकून निवांत सुपारी कातरत बसल्या होत्या.

"सासूबाई, एक सांगू का? घात झाला. पोरीनं डब्याऐवजी…"

"पुस्तकं आणली. ठाव हाय मला. मीच सांगितलं."

सुकन्या तुपाचं भांडं धरून तशीच उभी राहिली. जुन्या चालीनं नवऱ्यामागून चार पावलं चालणारी ही बाई. अप्पा दिवस म्हणाले तर दिवस, रात्र म्हणाले तर रात्र.

"तुम्ही?"

"मग शिवांगीला ती गोष्ट कुणी वाचून दाखविली असं वाटून राहिलं तुला? माझ्या इरकलीच्या घडीत हुतं पुस्तक. दुपारी ते झोपले की आम्ही दोघी माडीवर." पार्वतीबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "ती नणंद माझी. दर पंचमीला वाट बघत असंल, हे मला कळत न्हवतं का? पण मी तोंड उघडलं न्हाई. आता ह्या वयात तोंड उघडून काय बोलू? म्हटलं, पुस्तकच येऊ दे मंडपात."

"अहो पण मामा उठून गेले तर? पोरीचं ठरलेलं मोडलं तर? मी काय करू मग?"

"मोडलं तर मोडलं, असं कसं म्हणीन गं मी," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "मलाबी भेव वाटून राहिलंय. म्हणून तर हितं येऊन बसले."

म्हणजे घरातलं एकमेव शहाणं माणूस म्हणून जिच्याकडं धाव घेतली तीच कोठीत लपून बसलेली. सुकन्याला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं खोकी मोजायला नजर टाकली, आणि तिच्या लक्षात आलं की एक खोकं जागेवर नाही.

*

पंगत अप्पांच्या हट्टानं जमिनीवर होती. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवणं त्यांना पटत नसे, "आपण काय बसस्टँडवर आहोत का?" असं ते म्हणायचे. पुरुषांच्या दोन ओळी, मध्ये पोरंटोरं, बायका मागाहून. पत्रावळीवर हुग्गी, पोळी, भजी, शेंगाची चटणी, येळवणीची आमटी. हुग्गीवर तुपाची धार पडली. कुणीतरी "पार्वतीपते, हर हर महादेव" म्हटलं, सगळ्यांनी त्यात आवाज मिळवला, आणि सगळ्यांची तोंडं वरच्या टोकाला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडं वळली.

"घ्या तात्या, करा सुरवात," अप्पा म्हणाले.

"छे छे, थोरले तुम्ही. तुम्ही घ्या."

"पाहुण्यांचा मान असतो."

"पाहुणे कशाचे? आता एकच घर झालं की. घ्या तुम्ही."

"असं कसं, असं कसं."

"तसंच हाय ते. रीत सोडून चालत न्हाई."

हे इतपत सगळीकडं चालतं. दोनदा तुम्ही, दोनदा मी, आणि मग कुणीतरी एक हसून घास उचलतो. पण अप्पांचा एक पुतण्या मध्येच तोंड घालून बसला. "अप्पा, तात्या एवढं म्हणूनच राहिलेत तर घ्या की. थोरले तर तुम्हीच हाव."

समोरच्या ओळीतून अमरेशच्या काकानं मान वर केली. "थोरले कसे? रझाकाराच्या धामधुमीत आमचे तात्या रांगत हुते."

"रांगतच हुते ना? आमचे अप्पा चालत हुते!"

झालं. आधार कार्डं निघाली. अप्पांची जन्मतारीख एक जून. तात्यांचीही एक जून, आणि सालही तेच. शाळेत नाव घालताना त्या काळचे गुरुजी सगळ्याच पोरांना एक जूनला जन्माला घालत, त्याला कोण काय करणार? मग कुणाचं लग्न आधी झालं, कुणाला नातू आधी झाला, कुणाची आई आधी वारली, अशी चर्चा सुरू झाली. गंमत अशी की दोघं म्हातारे अजूनही एकमेकांना आग्रहच करत होते. पण आता घास घेईल तो हावरा ठरणार होता आणि न घेईल त्याची माणसं हरणार होती. तेव्हा तोंडानं मान देणं चालू राहिलं आणि हात कुणाचा हलेना.

सुकन्या तुपाचं भांडं घेऊन ओळीच्या टोकाला उभी होती. हुग्गीवर साय धरताना तिला स्पष्ट दिसत होती. भिंतीशी बायका उभ्या होत्या, त्यांत शिवगंगा. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हा मंडप तिनं आधी पाहिला होता, हे तिच्याकडं बघूनच कळत होतं. शिवांगी आपल्या पाटावर ओठ घट्ट मिटून बसली होती आणि आईकडं बघत होती. ती आता मघासारखी ठणकावून बोलणारी पोर राहिली नव्हती. घाबरली होती.

तेवढ्यात मधल्या ओळीतून हसण्याचा फवारा उडाला. पोरांच्या मांड्यांवर पिवळी पुस्तकं होती. एक पोरगा मोठ्यानं वाचत होता, "कावळा म्हणाला, दप्तरी नोंद झाली आहे, गाव पोटभर जेवलेले आहे!" आणि अमरेशच्या चुलत भावाची सहा वर्षांची मुलगी पारू पुस्तकातलं चित्र आणि समोरचे दोन म्हातारे आळीपाळीनं बघत होती. मग ती उठली, तात्यांपुढं जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमची दाढी जमिनीत कधी उगवनार?"

मलप्पातात्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. चष्मा लावला. चित्र पाहिलं. पान उलटलं, वाचलं, आणखी एक उलटलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"पंगत. हुग्गी. पहिला घास. दोन म्हातारे." ते अप्पांकडं वळले. "हे छापून आणलं तुम्ही? आमची टवाळी करायला? आज पंगत अडणार हे तुम्हाला आधीच ठाव हुतं?"

"तयारीनिशी बेइज्जती केली की तात्या," काका म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला. "चला. गाड्या काढा रे."

देगलूरकरांच्या ओळीत चार-पाच माणसं उठली. अमरेश "काका, अहो काका, मी शाळेत वाचलंय हे पुस्तक" असं म्हणत होता, पण नवरदेवाचं अशा वेळी कोण ऐकतो? सुकन्याला वाटलं, हातातलं भांडं सुटून पडतंय. नवरी राहील, गाड्या जातील. हुग्गी पुन्हा जनावरांपुढं.

"बसा," अप्पा म्हणाले.

ते उठले नव्हते. पुस्तक दिसलं की उठणार होते, सगळ्या घराला सांगून ठेवलं होतं. पण ते मांडी घालून तसेच बसले होते आणि फेट्याखाली त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बसा तात्या. हे तुमच्यावर न्हाई. आज छापलेलं असंल, पण लिवलेलं चाळीस वर्षांमागचं हाय. माझ्या बहिणीनं लिवलंय."

माझ्या बहिणीनं. पार्वतीबाई कोठीच्या दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

"मग कुणावर लिवलंय हे?" तात्यांनी विचारलं.

"आमच्यावर. आमच्या वडलांवर. आमच्या घरात पंगत अडली हुती, तिनं त्याची गोष्ट केली. बेइज्जती झाली असंल तर आमची झाली. तुमी कामून उठता?"

उठलेली माणसं अर्धवट उभी राहिली. बसावं तर कसं, जावं तर कसं, हे कुणालाच उमगेना.

भिंतीपासून शिवगंगा निघाली. चप्पल नव्हतीच पायात. पुरुषांच्या दोन ओळींच्या मधून ती सावकाश वरच्या टोकाला आली आणि अप्पांच्या पत्रावळीशेजारी जमिनीवर बसली. अप्पांच्या पानातली पोळी तिनं मोडली, हुग्गीत बुडवली, वरची साय बोटानं बाजूला केली, आणि घास तोंडात घातला.

म्हातारी चावत होती. दात कमी असल्यानं तिला वेळ लागत होता.

"खाल्ला!" पारू किंचाळली. मघाशीच गोष्ट ऐकलेल्या पोरीचा आनंद तिच्या तोंडावर मावेना. "हिनं खाल्ला! आता ही राजा! ज्यानं आधी खाल्ला त्यो सगळ्यांत थोरला!"

"राजाचा हुकूम! राजाचा हुकूम!" सगळी पोरं पुस्तकं डोक्यावर धरून ओरडायला लागली. पुस्तकातही शेवटी एक पोरगी पहिला घास खाते आणि पोरं तिला राजा करतात, असंच होतं म्हणे.

शिवगंगेनं घास गिळला. "जेवा," ती म्हणाली.

मलप्पातात्यांनी तिच्याकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं. त्यांची मिशी हलायला लागली. मग पोट हललं. "हुकूमच हाय म्हटल्यावर," ते म्हणाले, "आपण काय करणार अप्पा?" आणि त्यांनी भजं उचललं. काका खाली बसला. उभी माणसं बसली. दोन्ही ओळींतून एकदम भुरकण्याचा आवाज सुरू झाला, इतका वेळ अडलेली भूक एकदम सुटल्यासारखा. सुकन्यानं शिवांगीकडं पाहिलं. पोरगी रडत होती आणि हसत होती, आणि डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं होतं.

अप्पा मात्र जेवत नव्हते. सुकन्या तूप वाढत वरपर्यंत आली तेव्हा ते खाली मान घालून बोटानं पत्रावळीची काडी खुडत होते.

"मग पुढं काय हुतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कशाचं?" शिवगंगा म्हणाली.

"गोष्टीतलं. ती पोरगी घास खाती. मग थोरला म्हातारा काय करतो?"

शिवगंगेनं चष्मा काढला आणि भावाकडं नीट बघितलं. "अण्णा, तू पुस्तक वाचलं न्हाईस?"

"मला लोकांनी सांगितलं हुतं बाजारात. तुझ्या बहिणीनं बापाची नालस्ती केली म्हणून."

"पण तू वाचलं न्हाईस."

"वाचायला कशाला पाहिजे? सगळा तालुका सांगत हुता."

"चाळीस वर्षं, अण्णा."

"आता सांग की गं," अप्पा म्हणाले. त्यांचा तो दरडावणीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

शिवगंगेनं चष्मा परत लावला. "म्हातारा तिला विचारतो," ती म्हणाली, "'पोरी, तू जेवलीस का?' त्या गावात 'आधी कोण' हे सगळेच विचारतात. हे कुणी कधी विचारलेलं नसतं. आपल्या बापाला मी ते विचारायला लावलं. गोष्ट तिथं संपती."

शेजारी मलप्पातात्या आमटी भुरकत होते. पोरं ओरडत होती. अप्पांनी काडी खाली ठेवली.

"तुझ्या लग्नात," ते म्हणाले, आणि थांबले. "त्या दिशी… तू जेवली हुतीस का गं?"

"न्हाई, अण्णा."

"आणि तिकडं गेल्यावर?"

"तिकडं चूल कोण पेटवणार? सगळेच रागात. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं भाकर दिली."

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एवढ्या माणसांत, फेटा बांधून, ते तसेच बसले. मग त्यांनी वाढप्याला हाक मारली. "ए, हितं एक पान मांड. माझ्या शेजारी."

वाढपी घोटाळला. "अप्पा, ही पुरुषांची पंगत…"

"मांड म्हणतो ना."

पान आलं. हुग्गी आली, गरम, कढईच्या तळातली. अप्पांनी आपल्या हातानं तिच्या पानात पोळी ठेवली आणि मगच स्वतःचा पहिला घास घेतला. सुकन्यानं त्या दोघांच्या हुग्गीवर तूप सोडलं. धार पानाबाहेर गेली.

ती वळणार तोच अप्पांनी मान वर केली. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांवरून त्यांची नजर फिरली, कोठीच्या दारातल्या पार्वतीबाईंवर थांबली, आणि मग तिच्यावर आली.

"सुकन्या."

"जी, मामा."

"ते भांडं खाली ठेव. तू जेवलीस का?"

'होईल माझं' हे शब्द तिच्या जिभेवर आलेच. इतक्या वर्षांची सवय. ते कसे परतवले ते तिचं तिलाच कळलं नाही.

"न्हाई, मामा," ती म्हणाली. "सकाळपास्नं न्हाई."

तिनं भांडं खाली ठेवलं. पारूनं पुस्तक बाजूला केलं आणि सरकून तिला जागा करून दिली.